हमरस्त्यावरील सायकलस्वार

रत्नागिरी तालुक्यात पाली नावाचे एक गाव आहे. गाव तसे लहान. परंतु त्याचे नाव दूरदूरच्या वाहनचालकांना ठाऊक असते. मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पालीवरून जातो आणि येथेच कोल्हापूरचा रस्ता त्याच्यापासून फुटून नाणीज, साखरपा या गावांवरून आंबा घाटाकडे निघतो. त्यामुळे पालीच्या नाक्यावर वाहनांची वर्दळ सहसा थांबत नाही. मालाने भरलेले ट्रक, घाटावरून उतरणारे टेंपो, एस. टी. च्या गाड्या, मोटारी, रिक्षा आणि मोटारसायकली अशी नाना प्रकारची वाहने तेथे एकमेकांना वाट देत अथवा एकमेकांची वाट अडवीत असतात.

अशा गर्दीच्या रस्त्यावर एखादी सायकलही असते. तिच्यावर कधी पाठीला दप्तर लावलेला शाळकरी मुलगा असतो, कधी कामावर निघालेला मजूर असतो, तर कधी कॅरिअरला दुधाची किटली अडकवलेला गवळी असतो. त्याच्याभोवती पत्र्याचे कवच नसते. त्याच्या पायांखाली यंत्राची शक्ती नसते. त्याच्या घंटीचा आवाज ट्रकच्या घरघरीत विरून जातो. तरीसुद्धा रस्ता जितका ट्रकचा, तितकाच तो सायकलीचाही आहे. हा हक्क तिला सुखरूपपणे कसा बजावता येईल, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

सायकलीचा जन्म फार जुना नाही. 1817 साली जर्मनीतील मानहाइम या शहरी कार्ल द्राइस नावाच्या गृहस्थाने एकामागे एक अशी दोन लाकडी चाके बसवलेली गाडी तयार केली. तिला पायडल नव्हते. गाडीवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जायचे, अशी तिची रीत होती. पुढे 1860 नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसवण्यात आले. पायडलाच्या एका फेऱ्यात अधिक अंतर कापले जावे म्हणून ते चाक इतके मोठे करण्यात आले, की स्वाराला जणू माडीवर चढून बसावे लागे आणि पडल्यास तो तोंडघशी पडे. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या आकाराची दोन चाके घेऊन मागचे चाक साखळीने फिरवणारी सायकल बनवली. आजच्या सायकलीचा सांगाडा तोच होय. तीन वर्षांनी, 1888 साली, बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी धाव बसवली. तेव्हापासून सायकलीचे हादरे कमी झाले आणि ती सर्वसामान्यांची झाली.

याच 1888 साली बेळगावात एक सायकलीचे दुकान सुरू झाले, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस शिक्षकाची नोकरी करीत असत. ते तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा बेळगावात त्या विकीत व लोकांना चालवायला शिकवीत. त्या वेळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. या छोट्या दुकानातून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. ज्या वाहनाला आज कोणी गरिबाचे वाहन म्हणतात, त्याच्यापासून महाराष्ट्रातील एका मोठ्या उद्योगाचा आरंभ झाला!

कोकणात मात्र सायकलीचे राज्य फारसे पसरले नाही. येथे क्षणात चढ, तर क्षणात उतार. चढावर सायकल हाताने ढकलावी लागते आणि उतारावर जीव मुठीत धरावा लागतो. सायकलीचे खरे वैभव पाहावयाचे, तर ते घाटमाथ्यापलीकडच्या पुणे शहराच्या इतिहासात पाहिले पाहिजे. गेल्या शतकात पुण्याला ‘सायकलींचे शहर’ असेच म्हणत असत. याची कारणे उघड होती. शहराचा बहुतेक भाग सपाट होता. पेठांपासून महाविद्यालये, कचेऱ्या व बाजार ही सारी ठिकाणे चालण्यास थोडी दूर, पण सायकलीला जवळ होती. सकाळच्या वेळी विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून, वकील असे सर्व जण सायकलीवरूनच निघत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली, की कामगारांच्या सायकलींची रांगच्या रांग रस्त्यावर लोटे. ज्याच्याजवळ स्वतःची सायकल नसे, तो दुकानातून तासाच्या भाड्याने ती घेई. कित्येक मुले अशाच भाड्याच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत, सायकल चालवायला शिकली.

या शहरात सायकलीला मान होता, तसे तिला नियमही होते. पालिकेचा कर भरून मिळालेला धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिव्यावाचून सायकल चालवली अथवा मागे दुसऱ्याला बसवून ‘डबलसीट’ नेले, तर चौकातील पोलीस शिट्टी वाजवून अडवी आणि दंड करी. प्रथम तेलाचे दिवे होते. मग चाकाला घासून वीज निर्माण करणारा डायनामो आला. हे नियम त्या काळच्या मुलांना जाचक वाटत. परंतु नियम असतात याचाच अर्थ असा, की सायकलीला वाहन म्हणून ओळख असते. जो रस्त्यावर मोजला जातो, त्याच्याकडूनच शिस्तीची अपेक्षा केली जाते.

मग पुण्याच्या रस्त्यांवरून सायकली ओसरल्या कशा? एके दिवशी कोणी त्यांना मनाई केली, असे घडले नाही. शहर चहूकडे वाढले. घर आणि काम यांतील अंतर लांबले. स्कूटर व मोटारसायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. ही कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते, ते म्हणजे भय. रस्त्यावर वेगवान वाहने वाढली, तशी सायकलीची जागा आक्रसत गेली. भयाने काही जणांनी सायकल सोडली. सायकली कमी झाल्या, तशी वाहन चालवणाऱ्यांच्या डोळ्यांना त्या दिसण्याची सवय राहिली नाही. कारण जे नेहमी आढळते, तेच माणसाचा डोळा आपोआप टिपतो. त्यामुळे उरलेल्या सायकलस्वारांना धोका अधिक वाटू लागला आणि त्यांच्यापैकीही पुष्कळांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. भयातून घट आणि घटीतून पुन्हा भय, असे हे दुष्टचक्र फिरत राहिले. पुढे पुण्यात सायकलींसाठी काही ठिकाणी वेगळे मार्ग बांधण्यात आले आणि 2017 साली शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पण गेलेली सायकल परत आणणे हे तिला राखण्याहून कठीण असते.

असे चक्र उलटे फिरवता येते, हे एका लहान देशाने दाखवून दिले आहे. नेदरलँड्स हा देश आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी झपाट्याने वाढल्या आणि सायकली मागे पडू लागल्या. 1971 या एका वर्षात त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 400 हून अधिक मुले दगावली. तेव्हा आईबाप स्वस्थ बसले नाहीत. ‘मुलांचा संहार थांबवा’ अशी मागणी करीत ते रस्त्यावर आले. 1973 साली जगात खनिज तेलाची टंचाई झाली, तेव्हा तेथील सरकारने काही रविवारी मोटारी बंद ठेवल्या. मोटारींवाचून मोकळे झालेले रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे हळूहळू सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाले, वस्त्यांमधील मोटारींचा वेग कमी करण्यात आला. आज तेथे लहान मुलेसुद्धा सायकलीवरून शाळेत जातात. तो देश सपाट आहे, हे खरे. पण तो 1971 सालीही सपाटच होता! बदलली ती जमीन नव्हे. बदलली ती रस्त्याची रचना आणि माणसांची वृत्ती.

आता पुन्हा पालीच्या नाक्याकडे वळू. असे स्वतंत्र मार्ग होतील तेव्हा होतील. तोपर्यंत सायकलस्वाराचा सोबती म्हणजे त्याचे ज्ञान. रस्त्याचे नियम पाठ करण्यापेक्षा त्यांची कारणे समजली, तर ते आपोआप पाळले जातात.

पहिली गोष्ट सायकलीच्या तोलाची. उभी सायकल पडते आणि चालती सायकल उभी राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. सायकल डावीकडे कलू लागली, की स्वार नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो आणि तोल सावरतो. उजवीकडे कलली तर उजवीकडे. म्हणजे कोणतीही सायकल अगदी सरळ रेषेत कधीच जात नाही. ती बारीकशी नागमोडी वाट काढीत असते. वेग मंदावला, की हे वळसे मोठे होतात. म्हणूनच चढावर सायकल अधिक डुलते. हे न जाणणारा चालक तिला खेटून पुढे जातो आणि अनर्थ ओढवतो. फ्रान्समध्ये सायकलीला ओलांडताना वस्तीत निदान एक मीटर व वस्तीबाहेर दीड मीटर अंतर ठेवलेच पाहिजे, असा कायदा आहे. त्यामागील शास्त्र हेच होय.

दुसरी गोष्ट वेगाची. साधारण सायकलस्वार ताशी 15 किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे एका सेकंदात सुमारे चार मीटर. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर कापतो. समोर काही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात 17 मीटर रस्ता मागे पडलेला असतो. गाडी थांबण्यास प्रारंभ तर त्यानंतर होतो. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होते. म्हणून वेगवान वाहनासमोर एकाएकी आडवे जाणे म्हणजे जे चालकाच्या हाती राहिलेले नाही, ते त्याच्याकडून मागणे होय.

याच हिशेबावरून डाव्या बाजूने चालण्याचे महत्त्व कळते. सायकल रहदारीच्या दिशेने जात असेल, तर मागून येणारा ट्रक तिला ताशी 45 किलोमीटर वेगाने गाठतो. ती उलट दिशेने येत असेल, तर दोघांचे वेग एकत्र होतात आणि ते एकमेकांकडे ताशी 75 किलोमीटर वेगाने येतात. सावध होण्यास मिळणारा वेळ त्या मानाने घटतो. ‘थोडेच अंतर आहे, उलट्या बाजूने जाऊ’ असे म्हणणारा स्वार पावलांची बचत करतो आणि क्षण गमावतो. रस्त्यावर पावलांपेक्षा क्षण अधिक मोलाचे असतात.

तिसरी गोष्ट मोठ्या वाहनांची. ट्रकचालक उंचावर बसतो, म्हणून त्याला सर्व काही दिसते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ट्रकच्या अगदी पुढचा, मागचा आणि डाव्या कुशीचा काही भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. तेथे असलेली सायकल त्याच्या लेखी नसल्यासारखीच असते. त्यातून लांब गाडी वळते, तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत; ती आतल्या बाजूने, जवळच्या वाटेने येतात. हातखंब्याकडून येणारा ट्रक पालीला कोल्हापूरच्या रस्त्याकडे वळतो, तेव्हा तो डावीकडे वळतो. अशा वेळी त्याच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या फटीतून पुढे निसटण्याचा मोह ज्याला होतो, त्याची वाट ती मागची चाके बंद करीत येतात. म्हणून शहाणा सायकलस्वार वळणाऱ्या ट्रकच्या मागे थांबतो. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, ही सोपी खूण ध्यानात ठेवावी. उजवीकडे जावयाचे असेल, तर वर्दळीच्या नाक्यावर खाली उतरून, सायकल हाताने धरून, दोन्ही बाजू पाहून रस्ता ओलांडावा. उतरण्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट पावसाची आणि अंधाराची. कोकणात पाऊस चार महिने ठाण मांडून असतो. चाकाची रिम ओली झाली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते आणि सायकल नेहमीच्या अंतरात थांबत नाही. म्हणून उतार लागण्यापूर्वी ब्रेक हलकेच दाबून रिमवरील पाणी पुसून काढावे आणि वेग आधीच आवरावा. दोन्ही ब्रेक एकत्र व बेताने लावावेत. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास मागचे चाक उचलले जाऊन स्वार पुढे फेकला जातो. पावसाळ्यात दिवस लवकर काळवंडतो. तेव्हा पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा चकाकणारी तबकडी आणि अंगावर फिकट रंगाचे कपडे असावेत. सायकलीचा दिवा केवळ स्वाराला रस्ता दिसावा म्हणून नसतो. स्वार इतरांना दिसावा, हे त्याचे अधिक मोठे काम आहे.

एवढी सावधगिरी बाळगून सायकल चालवावी, असे तिच्यात आहे तरी काय? पायी चालणारा माणूस जेवढे श्रम करतो, तेवढ्याच श्रमांत सायकलीवरून तो तीन ते चार पट वेगाने जाऊ शकतो. ती धूर सोडीत नाही, तेल मागत नाही. पंक्चर झाली तर कोपऱ्यावरचा कारागीर थोडक्या पैशांत ती पुन्हा चालती करतो. परंतु तिचे सर्वांत मोठे देणे निराळेच आहे. 2006 साली बिहार सरकारने नववीत शिकणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. माध्यमिक शाळा दूर असल्यामुळे ज्या मुलींचे शिक्षण आठवीतच थांबत असे, त्या सायकलीवर बसून शाळेत जाऊ लागल्या आणि शाळांतील मुलींची संख्या लक्षणीय वाढली. शाळा तीच होती, अंतरही तेच होते. मध्ये दोन चाके आली आणि दूर असलेली शाळा जवळ झाली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रस्ता असुरक्षित असेल, तर आईबाप मुलाला सायकल देत नाहीत. सायकल नसेल, तर काही मुलांची शाळाच सुटते. म्हणजे पालीसारख्या नाक्यावर एखादा ट्रकचालक वेग कमी करून सायकलीला हातभर अधिक जागा सोडतो, तेव्हा तो केवळ वाहतुकीचा नियम पाळत नाही. तो कोणाच्या तरी शिक्षणाची, कोणाच्या तरी रोजीरोटीची वाट मोकळी ठेवतो. तसेच, डाव्या बाजूने, दिवा लावून, हात दाखवून वळणारा सायकलस्वार केवळ स्वतःचा जीव राखत नाही. सायकल हे रस्त्यावरचे मानाचे वाहन आहे, अशी साक्ष तो आपल्या वागण्याने देतो.

आज सायकलीवर बसणारी मुले उद्या मोटारसायकल चालवतील. काही जण मोटार किंवा ट्रकही चालवतील. त्यांच्या हाती मोठी शक्ती येईल. त्या वेळी पुढे एखादी सायकल चढावर डुलत चाललेली दिसेल. तिच्यावर कोणी आपल्याच वयाचे होते तसे मूल बसलेले असेल. तेव्हा आपला पाय कोणत्या पट्टीवर पडतो, वेगाच्या की ब्रेकच्या, यावरून माणसाची पारख होईल. सायकल माणसाला तोल सांभाळायला शिकवते. हातात शक्ती आल्यावरही ज्याचा तोल जात नाही, त्यालाच ती विद्या खऱ्या अर्थाने आली, असे म्हणावे.